पीसी माडीवर, टीव्ही खाली हॉलात, मधल्या १७ मीटरचं काय करू?

फैजपूरकर_गेमर | मंगळवार, रात्री ११:४२

राम राम मंडळी. जरा लांबण लावतो, चिडू नका, मागच्या वेळी अर्धवट लिहिलं होतं तर दोन दिवस फक्त "कार्ड कोणतं, टीव्ही कोणता" याच्यातच गेले.

आमचं घर फैजपूरला. पुढचा भाग जुना, दोन-दोन फुटी मातीच्या भिंती आणि वर धाबं, मागे वडिलांनी नंतर काढलेलं स्लॅबचं बांधकाम आणि त्याच्यावर एकच खोली. त्या खोलीत माझा पीसी. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, २४ इंची १०८०पी मॉनिटर. हिवाळ्यात तिथे मस्त वाटतं पण एप्रिल लागला की स्लॅब रात्री बारा-बारापर्यंत तापलेलाच असतो, मॉनिटरसमोर बसलं की घामाने कंट्रोलर हातातून निसटतो. कूलर घरात एकच, तो खाली हॉलात, आणि ४३ इंची ४के ॲण्ड्रॉइड टीव्ही पण हॉलातच. म्हणजे गेम तिथेच खेळायला पाहिजे हे ओघानेच आलं. शिवाय आखाजीला दोन्ही बहिणी येतात, चार भाचे, आणि ते चारही जण माझ्या खोलीत घुसले की काय होतं ते मागच्या वर्षी बघितलंय.

टेपने मोजलं. पीसीपासून जिन्याच्या भिंतीने खाली येऊन टीव्हीपर्यंत १७ मीटर. ऑनलाइन २० मीटरची एचडीएमआय केबल मागवली, पाकिटावर मोठ्ठ्या अक्षरात ४के लिहिलेलं. लावली. ४के ला "नो सिग्नल". ४के ३० हर्ट्झला (सेकंदाला ३० फ्रेम) चित्र येतं पण मधूनमधून पांढरे ठिपके चमकतात. १०८०पी ला चालतं, पण एक गंमत आहे, कूलर चालू केला की टीव्ही दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. कूलर बंद केला तरी तेच. बायको म्हणते भूत आहे.

तर प्रश्न असा की केबल खराब आली, की एवढं लांब जातच नाही, की वायफायवरून काही जमतं? राउटर खाली हॉलातच आहे. खर्च पाच-सहा हजारापर्यंत करू शकतो, त्याच्यावर गेलो तर घरात उत्तर द्यावं लागेल.

---

धुळे_पाचकंदील | मंगळवार, रात्री ११:५८

पीसीच उचलून खाली आण ना भो. खर्च शून्य.

---

फैजपूरकर_गेमर | बुधवार, सकाळी ८:१०

@धुळे_पाचकंदील हे मलाही सुचलं होतं 😀 पण बायकोचं ऑफिसचं काम त्याच पीसीवर चालतं, तिला दार लावून बसायला लागतं. आणि दुसरं म्हणजे कूलर. हॉलात पीसी ठेवायचा तर कूलरच्या तोंडासमोरच येतो, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते कूलरची जाळी बघितली तरी कळतं, एका सीझनमध्ये पांढरा थर चढतो. तो ओलावा आणि ती पांढरी भुकटी मदरबोर्डवर नको.

---

नंदुरबार_नाइट_रायडर | बुधवार, सकाळी ९:३१

एवढं कशाला, विंडोजमध्ये विंडोज आणि के दाबा, टीव्हीचं नाव येतं, त्याच्यावर क्लिक केलं की स्क्रीन टीव्हीवर. किंवा ते एचडीएमआयचं वायरलेस डोंगल मिळतं ते घ्या. मी पिक्चर असेच बघतो, एक नंबर चालतं.

---

भुसावळ_जंक्शन | बुधवार, दुपारी १:१५

@नंदुरबार_नाइट_रायडर पिक्चर चालतो कारण पिक्चरमध्ये तुम्ही बटण दाबत नाही. ती विंडोज-के वाली पद्धत म्हणजे मिराकास्ट, त्यात चित्र अर्धा-पाऊण सेकंदही मागे राहू शकतं आणि पिक्चर बघताना ते कळत नाही. गेममध्ये उडी मारायचं बटण दाबलं आणि माणूस खड्ड्यात पडल्यावर उडी मारतो असं होतं. गेमसाठी ते डोक्यातून काढा.

आता फैजपूरकर, तुमच्या केबलबद्दल. केबल खराब नाही, तिच्याकडून अपेक्षा जास्त केलीय. १०८०पी ६० हर्ट्झचा सिग्नल साधारण साडेचार गिगाबिट प्रतिसेकंद असतो. ४के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० ची पूर्ण १८ गिगाबिटची वाट लागते (वाट म्हणजे रस्ता, नाहीतर गैरसमज होईल). साध्या तांब्याच्या केबलमध्ये जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितका सिग्नल लवकर क्षीण होतो, म्हणून ४के ६० साठी पाच-सात मीटरच्या पुढे साध्या केबलचा भरवसा धरायचा नाही. १०८०पी पंधरा मीटरपर्यंत बऱ्यापैकी जातं, तुमचं २० वर चालतंय पण अगदी काठावर. ते पांढरे ठिपके म्हणजे बिट हरवायला लागले त्याची खूण. आणि काठावर असलेल्या सिग्नलला कूलरच्या मोटरचा एक झटका पुरतो, मोटर चालू-बंद होताना स्पार्क पडतो, तो गोंगाट केबल ॲण्टेनासारखा पकडते, टीव्हीची लिंक तुटते आणि परत जुळायला दोन सेकंद. भूत एवढंच.

उपाय म्हणजे ऑप्टिकल एचडीएमआय केबल. हिच्यात दोन्ही टोकांच्या प्लगमध्येच चिप असते, एका टोकाला सिग्नलचा प्रकाश होतो, काचेच्या धाग्यातून जातो आणि दुसऱ्या टोकाला परत वीज. २० मीटर काय, ५० मीटरलाही ४के ६० आरामात. बारीक असते, लवचिक असते. मी घरी १५ मीटरची लावलीय, साडेतीन हजाराच्या आसपास पडली होती, दोन वर्षं झाली काही तक्रार नाही.

पण तीन गोष्टी. एक, तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी ओढली तर काहीच दिसणार नाही आणि भिंतीतून परत उपसावी लागेल. माझ्या मेहुण्याने हे केलंय. दोन, भिंतीत टाकायच्या आधी जमिनीवर पसरून दोन तास चालवून बघा. तीन, काटकोनात मुरगाळायची नाही, काच आहे ती.

आणि लेटन्सी, म्हणजे चित्र मागे राहणं, जवळपास शून्य. जे मॉनिटरवर तेच टीव्हीवर.

---

अमळनेरकरीण | बुधवार, दुपारी ३:०४

जंक्शनभाऊंचं सगळं बरोबर आहे पण त्यांनी अर्धंच सांगितलं. चित्र खाली गेलं, हात कुठे आहेत? कंट्रोलर पीसीला जोडायचा ना. ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर, ती पण मोकळ्या जागेत, इथे मध्ये स्लॅब आणि दोन फुटी मातीची भिंत. यूएसबीची साधी केबल पाच मीटरपर्यंतच, त्याच्यापुढे रिपीटरवाली नाहीतर नेटवर्क केबलवर यूएसबी नेणारी डबी घ्यायची, म्हणजे अजून एक तार आणि अजून पैसे. पीसी चालू करायला वर जा, बंद करायला वर जा. बायको मॉनिटरवर काम करत असेल तर टीव्हीवर काय दिसणार तेही बघा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, भिंतीतला पाइप. @फैजपूरकर_गेमर जिन्याच्या भिंतीत टीव्हीच्या केबलचा जुना पाइप असेल ना? एचडीएमआयचं डोकं वीस मिलिमीटर रुंद आणि वर त्याचा ताठ प्लास्टिकचा मागचा भाग, पाइपाला एक बेंड आला की ते अडकणार म्हणजे अडकणार. टोक सुटं होणाऱ्या केबल येतात पण महाग.

मी काय केलंय सांगते. आमच्याकडे पीसी मागच्या खोलीत, टीव्ही पुढे. मी चित्र नेलंच नाही, नेटवर्कवरून गेम पाठवते. पीसीवर सनशाइन नावाचं सॉफ्टवेअर आणि टीव्हीवर मूनलाइट नावाचं ॲप, दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स. पीसीचं ग्राफिक्स कार्ड गेम चालवता चालवता त्याचा व्हिडिओ बनवतं, त्यासाठी कार्डात एनव्हेन्क नावाचा वेगळा भाग असतो त्यामुळे गेमवर फारसा भार येत नाही, तो व्हिडिओ घरातल्या राउटरवरून टीव्हीवर येतो आणि कंट्रोलरची बटणं त्याच वाटेने उलटी जातात. कंट्रोलर टीव्हीला ब्लूटूथने जोडायचा, बस. पीसी वर झोपलेला असेल तर मूनलाइटच त्याला उठवतं, वेक ऑन लॅन म्हणतात, बायोसमध्ये आणि विंडोजच्या नेटवर्क कार्डच्या सेटिंगमध्ये एकदा चालू करावं लागतं. इंटरनेट बंद असलं तरी चालतं कारण सगळं घरातल्या घरात.

मूळ ही पद्धत एनव्हिडियाची, गेमस्ट्रीम म्हणून होती, ती त्यांनी २०२३ मध्ये बंद केली, मूनलाइट त्याच भाषेत बोलतं म्हणून सनशाइनने ती जागा घेतली आणि आता एएमडी, इंटेल कोणतंही कार्ड चालतं. स्टीमवर (ऑनलाइन गेमचं दुकान) सगळे गेम असतील तर स्टीम लिंक ॲप अजून सोपं, टाकलं आणि झालं. पूर्वी त्याची वेगळी डबी मिळायची, २०१५ ला आली आणि २०१८ ला बंद झाली, आता नुसतं ॲप आहे.

पण अट एकच, पीसी राउटरला वायरने जोडलेला पाहिजे. वायफायवर पीसी आणि वायफायवरच टीव्ही असं केलं तर एकच पाकीट हवेत दोनदा उडतं, आणि तुमच्या त्या मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जाणार नाही, २.४ जाईल पण त्याच्यावर गल्लीतले सगळे राउटर भांडत असतात.

तर माझा सल्ला, पाइपातून एक कॅट-६, म्हणजे नेटवर्कची तार, ओढा. ती बोटापेक्षा बारीक असते, टोकाचा प्लग ओढून झाल्यावर बसवायचा (क्रिंप करायचा) त्यामुळे पाइपात डोकं अडकायचा प्रश्नच नाही, आणि १०० मीटरपर्यंत गिगाबिट जातं, तुमचे १७ म्हणजे काहीच नाही. उद्या मूनलाइट नाही आवडलं तर त्याच कॅट-६ वर एचडीबेसटीची डबी लावून खरा एचडीएमआय सिग्नल नेता येतो. म्हणजे तार एकदाच, वाटा दोन.

---

भुसावळ_जंक्शन | बुधवार, दुपारी ४:२०

ताई, डबीबद्दल एक पुरवणी. ती डबी-ते-डबी थेट तार पाहिजे, मध्ये राउटर-स्विच चालत नाही. बाजारात आठशे-हजारात ज्या मिळतात त्या १०८०पी च्या असतात, नाव काहीही लिहिलेलं असो. जुन्या एचडीबेसटीमध्ये १०.२ गिगाबिटचीच सोय होती, ४के ६० पूर्ण रंगात पाहिजे तर ३.० वाली डबी, आणि तिची किंमत ऐकली तर फैजपूरकरांना पीसी विकावा लागेल.

आणि स्ट्रीमिंगला माझा एक आक्षेप आहे आणि राहणार. नेमबाजीचे ऑनलाइन गेम त्याच्यावर खेळून बघा. कितीही केलं तरी व्हिडिओ बनवायला वेळ, पाठवायला वेळ, टीव्हीच्या चिपला उलगडायला वेळ. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची असते, म्हणजे नुसतं उलगडायला वीस लागले तरी एक फ्रेम गेली. वायरला हे काहीच नाही.

---

अमळनेरकरीण | बुधवार, दुपारी ४:४१

मान्य. पण भाऊ, भाच्यांना आखाजीला फुटबॉल आणि गाड्या खेळायच्यात, त्यांना एक फ्रेम कळणार आहे का? आणि तुमच्या टीव्हीवर गेम मोड चालू आहे का ते आधी सांगा 🙂 कारण तो बंद असेल तर टीव्ही स्वतःच चित्र सजवण्यात ५० ते १०० मिलिसेकंद खातो, तिथे वायर असो की स्ट्रीमिंग.

---

भुसावळ_जंक्शन | बुधवार, सायंकाळी ५:३०

...आत्ता जाऊन बघितलं. बंद होता. दोन वर्षं.

---

वायरमन_चोपडा | बुधवार, रात्री ९:५०

सगळं वाचलं. तुम्ही सगळे कॉम्प्युटरवाले, पण मुद्द्याचं कोणी विचारलं नाही. @फैजपूरकर_गेमर भो, पयले अर्थिंग देख, मंग बठ्ठं दुसरं.

मराठीत सांगतो. पीसीच्या कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर मुंग्या येतात का? पत्र्यावर बोट हळूच फिरवलं की खरखरीत लागतं का? लागत असेल तर वरच्या खोलीत अर्थ नाही. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला दोन बारीक कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले, त्यांचं काम तो गोंगाट अर्थला सोडायचं. अर्थच नसला की बॉडीवर निम्मं व्होल्टेज उभं राहतं, ११५ च्या आसपास. करंट थोडा असतो पण म्हणून "चालतं" असं समजू नका. एचडीएमआय केबलचं बाहेरचं आवरण पीसीच्या बॉडीला आणि टीव्हीच्या बॉडीला जोडलेलं असतं. टीव्ही दोन पिनवाला, त्याचंही तसंच. दोघं वेगवेगळ्या बोर्डावर. म्हणजे तू केबल खुपसतो तेव्हा तो सगळा फरक टीव्हीच्या त्या बारीक पोर्टातून जातो. मी असे तीन टीव्ही बघितले ज्यांचा एकच एचडीएमआय पोर्ट गेला, बाकी टीव्ही चांगला. मालक म्हणतो वीज पडली. वीज नाही पडली, चालू पीसीला चालू टीव्ही जोडला. केबल काढताना-लावताना दोघांचे प्लग भिंतीतून काढायचे, स्विच नुसता बंद करून भागत नाही.

आणि तुझा कूलर. लोखंडी बॉडीचा आहे का? त्याला अर्थ आहे का? उन्हाळ्यात आमच्याकडे दर वर्षी कुठे ना कुठे कूलरचा शॉक लागून माणूस जातो. भाचे येणार आहेत म्हणतो, ओले हात घेऊन पोरं कूलरजवळच बसतात. टीव्ही काळा झाला ते सोड, हे आधी बघ.

अर्थचा खड्डा किती जुना आहे? उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थ असून नसल्यासारखा. दोन बादल्या पाणी टाक. आणि तपासणी स्वतः करू नको, लायसनवाल्याला बोलव, ईएलसीबी (वीज गळली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घे, तुझ्या सहा हजारात ते सगळ्यात कामाचं.

---

भुसावळ_जंक्शन | बुधवार, रात्री १०:१२

@वायरमन_चोपडा दंडवत. यात भर म्हणजे ऑप्टिकल घेतली की हा प्रश्न सुटतो, काचेतून वीज जात नाही.

---

वायरमन_चोपडा | बुधवार, रात्री १०:३५

नाही सुटत. त्या बहुतेक केबलमध्ये काचेच्या धाग्यांबरोबर तांब्याच्या बारीक ताराही असतात, टीव्हीची ओळख पटवणं, रिमोटचं, पाच व्होल्टचं काम त्याच्यावर चालतं. पूर्ण काचेच्या वेगळ्या मिळतात. तुमची एखादी खराब झाली तर कापून बघा.

ताईंची कॅट-६ बरी, तिच्या दोन्ही टोकाला मशीनमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतो, एका बॉडीचं दुसऱ्या बॉडीला थेट भेटत नाही. फक्त साधी यूटीपी घ्या, पत्रा गुंडाळलेली नको. आणि "कॅट-६" म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार खपवतात, टोक खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत करा. विजेच्या वायरच्या पाइपातून ओढू नका, टीव्हीचा पाइप वेगळा असेल तरच.

---

धुळे_पाचकंदील | बुधवार, रात्री ११:०१

मी फक्त पीसी खाली आण म्हटलं होतं, इथे घराची फेरवायरिंग सुरू झाली 😂

---

फैजपूरकर_गेमर | रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांना उत्तर एकदम देतो, चार दिवस हेच करत होतो.

पहिले वायरमनभाऊंचं. मुंग्या येत होत्या. लग्नाच्या आधीपासून येत होत्या, मला वाटायचं पीसीला अशा येतातच. वायरमन बोलावला, त्याने वरच्या खोलीचा बोर्ड उघडला तर हिरवी वायर आतपर्यंत आलेली आणि टोकाला टेप गुंडाळून नुसती मागे खोचून ठेवलेली, तिसऱ्या पिनला जोडलेलीच नाही. बोर्ड कोणी भरला होता ते वडिलांना आठवतंय पण ते नाव घ्यायला तयार नाहीत, नात्यातलं प्रकरण आहे. कूलरला तीन पिनची टॉप होती पण आतली तिसरी तार तुटलेली. दोन्ही केलं, ईएलसीबी बसवली, खड्ड्यात पाणी टाकलं. यातच साडेतीन हजार गेले, आणि गंमत म्हणजे याच्याबद्दल घरात कोणी एक शब्द विचारला नाही, उलट आईने वायरमनला जेवायला थांबवलं, भरीत आणि कळण्याची भाकरी.

अर्थिंगनंतर तीच २० मीटरची केबल लावून बघितली. कूलर चालू केल्यावर काळं होणं बरंच कमी झालं, दहातून एकदा. म्हणजे दोन्ही कारणं खरी होती.

मग कॅट-६. जळगावला कामासाठी जायचंच होतं, गोलाणी मार्केटमधून २५ मीटर आणली, तिथेच टोक खरवडून बघितलं, दुकानदार जरा नाराज झाला पण आत तांबंच निघालं. जुन्या डिशच्या पाइपात स्प्रिंग टाकली तर दुसऱ्या बेंडवर अडकली, तासभर झटापट, शेवटी जुनी डिशची केबलच कॅट-६ ला बांधून खालून ओढली तेव्हा सरकन आली. हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

सनशाइन टाकलं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ४७९९० उघडलं, मूनलाइटने दाखवलेला चार आकडी पिन तिथे टाकला, झालं. पहिल्यांदा ४के ६० लावलं, मूनलाइट आपोआप ८० मेगाबिट घेतं, आणि टीव्हीला पण राउटरपासून छोटी वायर जोडली होती. मधूनमधून अडखळत होतं. आकडे चालू करून बघितले तर नेटवर्क एक मिलिसेकंद, पण टीव्ही उलगडायला ३१ घेतोय. ताई, हे काय प्रकरण?

---

अमळनेरकरीण | रविवार, रात्री १०:४८

नेटवर्क एक आलं म्हणजे तुमची तार सोन्याची आहे. अडचण टीव्हीच्या चिपची, स्वस्त टीव्हींना ४के पिक्चर चालवता येतो पण पटापट उलगडता येत नाही, ती आधी काही फ्रेम साठवून मग दाखवते. आणि एक, ॲण्ड्रॉइड टीव्हीच्या मागचं वायरचं पोर्ट बहुतेक वेळा १०० मेगाबिटचंच असतं, ८० चा व्हिडिओ त्यात जेमतेम मावतो, जरा उसळी आली की अडखळणार. राउटर त्याच हॉलात आहे तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झ वायफायवर टाकून बघा, बरेचदा वायरपेक्षा जास्त वेग मिळतो, ऐकायला उलटं वाटतं पण आहे तसं.

पण खरं सांगू का, ४के कशाला? ३०६० वर जड गेम ४के ला ६० फ्रेम देतच नाहीत. १०८०पी ६०, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) ३० मेगाबिटपर्यंत, कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) एचईव्हीसी, टीव्हीचा गेम मोड चालू. सोफ्यावरून ४३ इंचीवर फरक शोधावा लागतो.

अजून एक, तुमचा मॉनिटर बटणाने बंद करत असाल तर काही मॉनिटर विंडोजला "मी गेलो" असं सांगतात आणि मग सनशाइनला पाठवायला पडदाच सापडत नाही. तसं झालं तर दोनशे-तीनशे रुपयांचा, मॉनिटर जोडलाय असं भासवणारा एचडीएमआय डमी प्लग मिळतो, तो कार्डाला खोचून ठेवा.

---

फैजपूरकर_गेमर | सोमवार, रात्री ११:३०

१०८०पी केलं, टीव्ही ५ गिगाहर्ट्झ वायफायवर टाकला, गेम मोड. उलगडायला आता ९-१०, नेटवर्क २ ते ३. फुटबॉल खेळलो, मला तरी मॉनिटरचा आणि याचा फरक कळला नाही. नेमबाजीत कळतो, जंक्शनभाऊ खोटं बोलत नव्हते, निशाणा जरा लोण्यातून फिरवल्यासारखा वाटतो. ते वरच खेळेन, पावसाळ्यात.

मॉनिटरचा प्रकार झाला, ताईंनी सांगितला तसाच. डमी प्लग मागवलाय. आणि बायकोचं ऑफिसचं काम चालू असताना मी खालून मूनलाइट उघडलं तर तिची मीटिंग टीव्हीवर दिसायला लागली, वडील समोरच बसलेले, त्यांनी तिच्या साहेबांना नमस्कार केला. तेव्हापासून वेळ ठरवून घेतलीय, सात नंतरच.

एकच काळजी राहिली, दुपारी वरची खोली बंद आणि पीसी चालू, बाहेर ४४-४५, कार्ड ८३ डिग्रीला जातं. चालेल का?

---

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, सकाळी ७:४५

८३ ला कार्ड जळत नाही, वेग जरा कमी करून स्वतःला सांभाळतं. पण आत ओढली जाणारी हवाच ४५ ची असेल तर पंख्यांनी करायचं काय. फ्रेम ६० ला लॉक करा, नाहीतर कार्ड विनाकारण दीडशे फ्रेम काढत बसतं आणि टीव्ही दाखवतो साठच. दार-खिडकी उघडी ठेवा, कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, जाळीवरची धूळ दर पंधरा दिवसांनी काढा, आपल्याकडे मे मध्ये आंधी आली की एका दिवसात थर बसतो. लाइट जाते तेव्हासाठी यूपीएस आहे ना? आणि राउटरला पण लावा, नुसता पीसी चालू राहून उपयोग नाही.

बाय द वे त्या २० मीटरच्या केबलचं काय केलं? परत घेतली का त्यांनी?

---

फैजपूरकर_गेमर | मंगळवार, सकाळी ८:०५

मुदत संपली होती. आईने गच्चीवर कुरडयांच्या प्लास्टिकला बांधलीय, वाऱ्याने उडतं म्हणून. चांगली घट्ट बसते म्हणते.

---

वायरमन_चोपडा | मंगळवार, सकाळी ८:२२

कुरडया झाल्या की काढून घे, उन्हात आवरण तडकतं. दोन मीटरचा तुकडा कापून काम देईल असं नको समजू, कापली की गेली.